खुंटीवरची घोरपड

नंदूची शाळा सुटली ती एका डस्टरपायी. गणिताच्या बाईंनी तिच्या डोक्याचा नेम धरून फेकला, तो चुकला. नंदूनं तोच उचलून परत फेकला, तिचा चुकला नाही. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेला सगळ्या शाळेसमोर माफी माग म्हणाले. ती माइकपाशी गेली, बाईंचा नेम कच्चा आहे एवढंच बोलली आणि गेटातून जी बाहेर पडली ती परत गेलीच नाही. नववी अर्धी राहिली ती राहिलीच.

पूर्ण नाव राजनंदिनी, पण तेवढं लांब नाव घ्यायला धायरीतल्या त्या घरात कुणाला वेळ नव्हता. घर तीन मजली. शेत होतं तिथं आता सोसायटी आहे, आणि शेताचं जे आलं त्याचं हे घर. वरचे मजले थोरल्या चुलत्यांचे, म्हणजे तात्यारावांचे. खाली पार्किंगला चिकटून दोन खोल्या, त्यात नंदू आणि तिची आई विजयमाला. बाप चाकणला कंपनीत, तिकडंच खोली करून राहायचा, सुट्टीला उगवायचा. जमीन दोघा भावांची होती, पण कागदावर कुठं काय लिहायचं ते एकालाच कळत होतं. ज्याला कळत नव्हतं तो पार्किंगशेजारी.

तात्यारावांचा मुलगा तेजस म्हणजे घराण्यातला पहिला इंजिनियर. खराडीत काचेच्या बिल्डिंगमध्ये सॉफ्टवेअर करायचा. कंपनीच्या ओळखपत्राचा पट्टा गळ्यात घालून दुधाची पिशवी आणायला जायचा. तो पट्टा घालून झोपतो की काय अशी नंदूला शंका होती.

त्या वर्षीच्या बैलपोळ्याला सगळे वरच्या मजल्यावर जमले. बैल विकून जमाना झाला, तरी पोळा होतो. मातीच्या बैलांना पुरणपोळी दाखवायची आणि माणसांनी खायची. खाता खाता विषय नंदूच्या शाळेवर आला. तेजस म्हणाला, शिकून कुठं कलेक्टर होणार होती, पोळ्या गोल लाटायला शिकवा आधी. सगळे हसले. विजयमालाबाई पण हसल्या, कारण तात्याराव हसत होते. मग तेजसला एकदम दया आली. त्यानं आतून आपला जुना लॅपटॉप आणला. बिजागरी तुटलेली, दोन बटणं गायब, मागं भिंत असल्याशिवाय उभा राहायचा नाही.

"घे. सिनेमे बघ," तो म्हणाला. "एवढं तरी जमेल."

नंदूनं घेतला. घ्यायलाच लागला, सगळे बघत होते. आई म्हणाली, दादाच्या पाया पड. ती पडली. तेवढं मात्र तिनं लक्षात ठेवलं.

सिनेमे काही बघितले नाहीत. चार दिवसांत सिनेमांचा वैताग आला आणि ती दुसरीकडं नाक खुपसायला लागली. वेबसाइट कशा बनतात ते बघताना तिला एक वेगळाच बाजार सापडला, जिथं सगळं फुकट. वेबसाइटचा सांगाडा म्हणजे फ्रेमवर्क, ते फुकट. त्या सांगाड्यात बसवायचे तयार तुकडे, म्हणजे बटण, तारीख निवडायचा चौकोन, खाली उघडणारी यादी, त्यांना कंपोनंट म्हणतात. तेही फुकट. कुणीही उचला, बसवा, बिघडलं तर ओरडा, जमलं तर दुरुस्त करून पाठवा. मालक कुणीच नाही. पण दारात एकजण उभा असतो, त्याला मेंटेनर म्हणतात. त्यानं हो म्हटल्याशिवाय एक अक्षर आत जात नाही. आत घेतलं की म्हणतात मर्ज झालं.

नंदूला ही दारात उभं राहायची गोष्ट फार आवडली.

जे तुकडे मिळाले ते तिला टुकार वाटले. ही यादी अशी का उघडते, ते बटण मोबाईलवर असं का चेपतं, म्हणून ती चिडायची आणि चिडून नवीन लिहायची. असं करता करता तिची अशा तुकड्यांची स्वतःचीच लायब्ररी झाली. नाव ठेवलं खुंटी, काहीही टांगा. स्वतःचं नाव लावायची काही सोय नव्हती, नववी नापासही नाही अशा पोरीचं कोण ऐकणार. सिंहगड रोडची पोरगी, तिनं घोरपड असं नाव घेतलं. एकदा चिकटली की सुटत नाही.

या धंद्यात एक शिरस्ता आहे. प्रत्येक बदलावर करणाऱ्याचं नाव आपोआप उमटतं, मशीनला जे सांगून ठेवलंय ते. लॅपटॉप तेजसचा, त्यामुळं आत तेजसचंच नाव बसलेलं, कॉलेजातल्या ईमेलसकट. नंदूनं खुंटीच्या फोल्डरपुरतं ते बदलून घोरपड केलं. अख्ख्या मशीनसाठी बदलायला आणखी एक ओळ लिहावी लागली असती. तिनं कंटाळा केला.

खुंटी चालली. का चालली ते देव जाणे, पण हलकी होती आणि मोडत नव्हती. दोन वर्षांत नागपूरपासून व्हिएतनामपर्यंतची पोरं ती वापरायला लागली. खराडीतल्या ऑफिसांतही शिरली. आणि खुंटीपेक्षा जास्त चालली ती घोरपडीची उत्तरं. इंग्रजीतच असायची, पण ते इंग्रजी पुण्याचं. कुणी विचारलं, बटण निळं कसं करायचं, तर घोरपड लिहायची, पहिल्या पानावर लिहिलंय, वाचता येत नसेल तर शाळेत जा, मी गेलो नाही, तुम्ही तरी जा. कुणी दुरुस्ती पाठवली की, आधी नियम वाचा. बास. लोक त्या उत्तरांचे फोटो काढून एकमेकांना पाठवायचे. सगळे घोरपडीला सर म्हणायचे. नंदू पार्किंगशेजारच्या खोलीत, मांडीवर मेथीची जुडी घेऊन, सर व्हायची.

मग खराडीतून तेजसला काढलं.

हे घरात कुणाला कळलं नाही, नंदूला कळलं. तिचे डोळे तसले. एक दिवस तो गाडी काढून गेला तेव्हा गळ्यात पट्टा नव्हता. दुसऱ्या दिवशीही नव्हता. तिसऱ्या दिवशी ती आईबरोबर वडगावला गेली, तर हा पुलाजवळच्या टपरीवर, बॅग मांडीवर घेऊन, रिकामा चहाचा कप हातात धरून बसलेला. महिनाभरात घरी सांगितलं, आता वर्क फ्रॉम होम आहे. तात्याराव गावभर सांगायला लागले की कंपनीचं तेजसवाचून इतकं अडतं की घरात ऑफिस दिलंय. बिबवेवाडीच्या शेफालीशी साखरपुडा झालेला होता. तिच्या घरी पण तेच सांगितलं. नंदू गप्प बसली. चांगल्या वस्तू लगेच वापरून संपवायच्या नसतात.

आणि एका सकाळी खुंटीवर एक दुरुस्ती आली. मोबाईलवर एखादी खिडकी उघडी असली तर खाली उघडणारी यादी तिच्या मागं लपायची. जुना आजार होता, नंदूनंच त्यावर 'नवख्यांसाठी सोपं' अशी चिठ्ठी लावून ठेवली होती. ती कुणीतरी सोडवून आणली होती. शेजारी फोटो होता. साखरपुड्यातला. फेट्यासकट.

नंदू कितीतरी वेळ त्या फेट्याकडं बघत राहिली. मग दुरुस्ती वाचली. बरी होती. खरं तर चांगली होती. बटण दाबलं असतं की तेजसचं नाव खुंटीवर चढलं असतं.

तिनं लिहिलं, तिसऱ्या ओळीच्या शेवटी एक स्पेस जास्त आहे.

त्यानं काढली. तिनं लिहिलं, आधी नियम वाचा, चाचणी कुठं आहे. त्यानं चाचणी लिहून पाठवली. तिनं लिहिलं, नाव चुकीचं ठेवलंय. त्यानं नाव बदललं. तिनं लिहिलं, हे दोन तुकड्यांत करा. त्यानं केलं. मग चार दिवस काहीच लिहिलं नाही, नुसती वर बघत बसली. वरच्या मजल्यावर खुर्ची सरकायची, पावलं वाजायची. पाचव्या दिवशी लिहिलं, पहिल्यांदा होतं तसंच बरं होतं.

वरून काहीतरी आपटल्याचा आवाज आला. नंदूला त्या दिवशी वरण-भातसुद्धा गोड लागला.

दुपारी चहा वर न्यायचं काम तिचंच होतं. ती गेली तेव्हा तेजस स्क्रीनसमोर डोकं धरून बसला होता आणि स्क्रीनवर तिचंच वाक्य होतं. दाढी वाढलेली. टेबलावर कालचे कप.

"काय झालं रे दादा?" तिनं विचारलं.

"एक घोरपड म्हणून आहे," तो म्हणाला. "हलकट. समोर आला ना, तंगड्या तोडीन."

"कोण आहे?"

"तुला नाही कळणार. साखर कमी घालत जा गं, सरबत करतेस नुसतं."

ती खाली आली आणि लिहिलं, अजून एक स्पेस सापडली.

त्याच संध्याकाळी त्याचा निरोप आला, सगळ्यांना दिसेल असा नाही, फक्त घोरपडीला. सर, असं सुरू केलं होतं. माझी नोकरी गेली आहे. खराडीतल्या एका ऑफिसात तुमची लायब्ररी वापरतात, ते म्हणालेत, खुंटीत तुझी एक दुरुस्ती मर्ज झालेली दाखव, मग बोलू. म्हणाले, तिथला घोरपड कुणाला आत घेत नाही, तुला घेतलं तर आम्हीही घेऊ. शुक्रवारी बोलावलंय. घरी अजून माहीत नाही. सर, प्लीज. काही चुकलं असेल तर लहान समजून सोडून द्या.

लहान समजून. नंदूनं ते दोनदा वाचलं. तिला वाटलं होतं, असं काही आलं की नाचावंसं वाटेल. तसं काही झालं नाही. तिनं दुरुस्ती उघडली. मर्जचं हिरवं बटण समोर होतं. तिनं बोट ठेवलं.

वर गॅलरीत तात्याराव आणि तेजस बोलत होते. आवाज थेट पार्किंगमध्ये उतरायचा, या घराची बांधणीच तशी. तात्याराव म्हणत होते, लग्नानंतर शेफाली नोकरी करणार, मग घरचं कोण बघायचं.

"नंदू आहे की," तेजस म्हणाला. "शेफालीच्या हाताखाली ठेवू. शाळा नाही, डोकं नाही, तिला दुसरं काय येतंय? भांडी तरी नीट घासते."

नंदूनं बोट उचललं.

या धंद्यात सगळ्यात घाण मार कोणता, ते तिला माहीत होतं. दुरुस्ती नाकारायची नाही. नाकारली तर माणूस भांडतो, लोक त्याची बाजू घेतात. त्याची कल्पना घ्यायची, स्वतः चार ओळी फिरवून लिहायची, आपल्या हातानं आत टाकायची आणि त्याच्या दारावर चिठ्ठी लावायची, आधीच दुरुस्त झालंय, धन्यवाद. त्याची मेहनत वापरली जाते आणि नाव उरत नाही. भांडायला काही जागाच नाही.

ती लिहायला बसली. तेजसचं आणि तिचं लिहिलेलं एकमेकांत अडकलं, मशीन लाल लाल ओळी ओकायला लागलं. एरवी ती शांत बसून सोडवायची. त्या वेळी डोकं फिरलेलं. तिनं अख्खं फोल्डर उडवलं, साइटवरून खुंटी नव्यानं उतरवून घेतली, चार ओळी लिहिल्या, आत ढकलल्या, नवी आवृत्ती जगाला सोडली आणि तेजसच्या दारावर चिठ्ठी लावली. आधीच दुरुस्त झालंय. धन्यवाद.

आणि जेवली. पाटवड्या होत्या.

नवीन फोल्डरला नाव घोरपड लाव हे सांगायचं राहिलं होतं.

सकाळी विजयमालाबाई दारात लसूण सोलत होत्या, तात्याराव पार्किंगमध्ये गाडी धूत होते. तेजस जिन्यावरून उतरला. अनवाणी, सावकाश. चेहरा असा की मुंजीला आलाय. उंबऱ्यावर बसला, दोन पाकळ्या लसणाच्या सोलल्यासुद्धा.

"नंदू, माझा जुना लॅपटॉप चालतो का गं अजून?"

नंदू दारात येऊन उभी राहिली. "का?"

"लागतोय. आण."

"माझं काम आहे त्यावर."

"कसलं काम?" तात्यारावांनी पाईप बंद केला. आईनं पण वर बघितलं. नंदूनं काम म्हटलेलं त्या घरात कुणी ऐकलंच नव्हतं.

आणि मग तिनं ती साठवलेली वस्तू काढली, भीतीपोटी, घाईत. "तू कशाला मागतोस? तुझं ऑफिस तरी आहे का? तात्या, याला काढलंय. कधीचंच काढलंय. पुलाजवळ टपरीवर बसायचा."

तात्याराव पोराकडं बघत राहिले. तेजसनं मान खाली घातली आणि हळू म्हणाला, हो, खरंय. म्हणूनच लॅपटॉप मागतोय, परवा मुलाखत आहे, तुमच्यापुढं लाज तर गेलीच आता, निदान लॅपटॉप तरी मिळू दे.

तात्याराव नंदूकडं वळले. "तुला ठावं हुतं? पोरगं टपरीवर बसतंय आन् तू मजा बघत हुतीस? काय काळीज हाय का काय हाय?"

आई म्हणाली, दे बाई, त्याचाच आहे.

"खुंटी माझी आहे," नंदू म्हणाली. "घोरपड मी आहे. जगातले लोक वापरतात. सगळं मी लिहिलंय."

"ही घोरपड हाय म्हणं," तात्याराव म्हणाले. कुणी हसलंही नाही.

तेजसनं खिशातून मोबाईल काढला, कालचा बदल उघडला आणि आई आणि तात्यारावांना दिसेल असा धरला. खुंटी, खाली उघडणारी यादी, दुरुस्त. बाजूला त्याचा फेट्यातला फोटो आणि त्याचं पूर्ण नाव, कॉलेजातल्या ईमेलसकट.

"दाखव ना," तो अगदी मायेनं म्हणाला. "यात तुझं नाव कुठंय ते दाखव. मी बघतो, तात्या बघतील."

नंदूनं बघितलं. एवढ्या वर्षांत खुंटीवर एकच खरं नाव उमटलं होतं, आणि ते तिनं स्वतः उमटवलं होतं. तिला ते सांगायचं होतं, मशीन, फोल्डर, ती एक ओळ. तोंड उघडलं, पण हे सगळं या तिघांपुढं कसं मांडायचं. ज्या एकाला कळत होतं तो तिच्याकडं बघून मान डोलवत होता.

आईनंच आत जाऊन लॅपटॉप आणला. वायर गुंडाळून, फडक्यानं पुसून दिला.

घोरपडीचं खातं त्यावर उघडंच होतं. खात्याचा ईमेल त्यावर, पासवर्ड त्यावर, आत जायचे आकडे त्यावर. मोबाईल आईचा, आई बघेल म्हणून नंदूनं त्यावर कधी काही ठेवलंच नव्हतं. कुलूप आणि किल्ली एकाच पेटीत ठेवली होती आणि पेटी वरच्या मजल्यावर गेली. दुपारच्या चहाला ती वर गेली तेव्हा सगळे पासवर्ड बदलून झाले होते. तेजसनं कप घेतला, घोट घेतला.

"जमली आज साखर," तो म्हणाला. "पहिल्यांदा होतं तसंच बरं होतं, नाही का?"

शुक्रवारी तो खराडीला गेला आणि सांगितलं, घोरपड मीच. एवढे दिवस नाव लपवलं होतं, म्हणून स्वतःचीच दुरुस्ती परत पाठवत होतो, आता लपवत नाही. आपल्या नावाचा तो बदल दाखवला, समोर खातं उघडून दाखवलं. तिथली पोरं खुर्च्या ओढून भोवती जमली. म्हणे साहेब म्हणाले, कोड तर आवडतोच, पण खरं सांगू का, तुमची उत्तरं जास्त आवडतात. घरी येऊन त्यानं हे दोनदा सांगितलं. पेढे आले. तात्यारावांनी खाली पण दिले, चार. आईनं नंदूला म्हटलं, पाया पड दादाच्या, नोकरी लागली त्याला. ती पडली नाही. मग आईनं मानगूट धरून पाडली.

नंदूनं आईच्या मोबाईलवरून, आई अंघोळीला गेली की, तक्रारी लिहून बघितल्या. साइटवाल्यांना, खुंटी वापरणाऱ्यांना. एकानं उत्तर दिलं, घोरपड व्हायला आवडेल असे बरेच आहेत, ताई. दुसऱ्यानं नुसतं हसण्याचं चित्र पाठवलं.

शेफाली आली. चांगली होती. भांड्यांना कोणता साबण वापरतेस म्हणून नीट विचारायची.

दिवाळीच्या आसपास तेजसनं खुंटीत स्वतःचा पहिला मोठा बदल टाकला आणि खाली उघडणारी यादी मोडली. मोबाईलवर उघडायची आणि मिटायचीच नाही. नंदूनं आईच्या मोबाईलवर ते बघितलं. सोडून द्यायला हवं होतं. मोडू दे, लोकांनी शिव्या घालू देत. दोन दिवस तिनं सोडूनही दिलं. तिसऱ्या दिवशी भांडी घासता घासता ती यादी तिच्या डोळ्यांपुढं उघडी ती उघडीच. तिनं हात ओढणीला पुसले, नवीन खातं काढलं, नाव लिहिलं राजनंदिनी, आणि बोटभर स्क्रीनवर अक्षर अक्षर दाबत दुरुस्ती लिहिली. चाचणीसकट. नियम तिचेच होते, वाचायची गरज नव्हती.

पाठवली आणि कट्ट्याला टेकून उभी राहिली. वर खुर्ची सरकली. मग वरच्या मजल्यावर कुणीतरी हसलं, मोठ्यानं नाही, स्वतःशीच.

मोबाईल वाजला. घोरपडीचं उत्तर होतं.

आधी नियम वाचा. तिसऱ्या ओळीच्या शेवटी एक स्पेस जास्त आहे.

नंदूनं ओळ उघडली. तिसऱ्या ओळीच्या शेवटी काही नव्हतं. तिनं परत बघितलं, बोट ठेवून ठेवून. काहीच नव्हतं. आई म्हणाली, फोन ठेव तो, वर चहा द्यायचाय. नंदूनं पातेलं गॅसवर चढवलं, आणि पाणी उकळेपर्यंत तीच दुरुस्ती, काही न बदलता, पुन्हा पाठवली.